माळ्यावर खोली करताय? आधी पाखी मोजा

छपराचा हिशोब जमिनीच्या क्षेत्रफळावर धरू नका, पाख्यांवर, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूंवर धरा. घर २० बाय ३० फूट, मधोमध लांबीच्या दिशेने आढं (छपराचा माथा), उतार ३० अंश असेल तर आढ्यापासून भिंतीपर्यंत साडेअकरा फूट, वळचणीचा दीड धरून १३. दोन्ही पाखी मिळून ७८० चौरस फूट, ६०० नव्हे. मंगलोरी कौलं शंभर चौरस फुटांना साधारण १४०, म्हणजे अकराशे. फुटतुटीसाठी शंभर जादा. आढ्यावरची वेगळी.

वासे-रिपा आधी टोचून बघा. वाळवी निघाली की खरा खर्च लाकडाचाच! पाख्यातून खिडकी काढणार असाल तर तिच्या कडेच्या पन्हळीचा पत्रा दरपत्रकात स्वतंत्र लिहून घ्या; जावळी-महाबळेश्वरच्या पावसात गळती तिथूनच सुरू होते. परांची आणि जुनी कौलं उतरवायची मजुरी कोणाकडे, तेही विचारा.