सरकारी शाळांआधी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यांत मुलं कुठे शिकत?

अनेक मुलं शाळेत जातच नसत. ज्यांना जमायचं, त्यांतली काही धर्मोपदेशकाच्या घरी जायची.

नॉर्थ कॅरोलिनातल्या आजच्या गिलफर्ड काउंटीचं (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) उदाहरण घ्या. प्रिन्स्टनमध्ये शिकलेले प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) धर्मोपदेशक डेव्हिड काल्डवेल यांनी तिथे १७६७च्या सुमारास लाकडी ओंडक्यांच्या स्वतःच्याच घरात शाळा सुरू केली. नाव पडलं 'लॉग कॉलेज'. एकच शिक्षक, आणि तोच धर्मोपदेशक, शेतकरी, वैद्यसुद्धा! भर लॅटिन-ग्रीकवर, कारण मुलांना पुढे कॉलेजात किंवा धर्मसेवेत जायचं असे. पुढे राज्याचे गव्हर्नर झालेले जॉन मोटली मोरहेड तिथलेच विद्यार्थी.

फी असल्याने गरिबांची मुलं बाहेरच राहायची. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवण्यावर तर या राज्याने १८३०च्या अधिवेशनात कायद्यानेच बंदी घातली. अशा खासगी शाळांचं, म्हणजे अकादम्यांचं, कौतुक वाचताना ही बाजू सुटते, याचं मला फार वाईट वाटतं.

सार्वजनिक शाळांचा कायदा १८३९मध्ये झाला. त्याखालची पहिली शाळा १८४०मध्ये शेजारच्या रॉकिंगहॅम काउंटीत उघडली, तीही फक्त गोऱ्या मुलांसाठी.