मुतखड्यावर डॉक्टरांचे औषध चालू असताना पानफुटी, गोखरू यांसारखी वनौषधी घ्यावी का?

डॉक्टरांना सांगून घेतल्यास सहसा हरकत नसते. मात्र खडा ‘विरघळवल्याचे’ श्रेय या वनस्पतींना देण्याची घाई करू नये. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते कोणत्याही गोळीने वा काढ्याने विरघळत नाहीत. युरिक ॲसिडचे खडे तेवढे पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने विरघळू शकतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुधा आपोआपच पडतो. त्यामुळे सकाळी अनशापोटी पानफुटीची दोन पाने चावून खाणाऱ्याला गुण पानांचाच वाटतो, आणि त्यावर प्यायलेल्या तांब्याभर पाण्याची आठवण कोणी काढत नाही.

खरी अडचण औषधांच्या मेळाची आहे. खडा उतरावा म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिनने रक्तदाब उतरू शकतो. त्यात रक्तदाबाची गोळी आणि वर लघवी वाढवण्यासाठी घेतलेला गोखरूचा काढा यांची भर पडली, तर उठताना चक्कर येण्याची शक्यता वाढते. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात, म्हणून डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असलेल्यांनी ती टाळावी. ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेल्या क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने तर लघवीतले ऑक्झलेट वाढते, म्हणजे रोगाला खतपाणीच! कुळथाचे कढण मात्र जेवणात खुशाल असू द्यावे.

थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर काढ्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.