अकरा महिन्यांत पाच तारखा, आणि कलम २३ चा अर्जच नाही

ताई,

तुमचं पत्र आणि सोबत पाठवलेली अर्जाची प्रत दोन्ही वाचलं. अशी पत्रं माझ्याकडे इतकी येतात, की एकीला दिलेलं उत्तर दहाजणींच्या उपयोगी पडावं म्हणून नाव-गाव वगळून इथे लिहिते. तुम्ही डिचोली तालुक्यातल्या. लग्नाला चौदा वर्षं झाली. मारहाण असह्य झाली तेव्हा मुलीला घेऊन दोडामार्गला भावाकडे आलात, आणि अकरा महिन्यांपूर्वी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केलात. पाच तारखा झाल्या, नवऱ्याने अजून म्हणणं दाखल केलेलं नाही. मधल्या काळात त्याने घराचं कुलूप बदललं, दलाल घर बघून गेला, आणि गेल्या आठवड्यात एक माणूस मुखत्यारपत्र घेऊन भावाच्या दारात आला. तुम्ही विचारता, पोलिसांत गुन्हा नोंदवू का, घटस्फोट मागू का, की सरपंच म्हणतात तसं आणखी एकदा बसून मिटवू?

या तिन्हींच्या आधीचा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. तुमच्या अर्जाबरोबर कलम २३ चा अंतरिम अर्ज आहे का? मला पाठवलेल्या प्रतीत तो नाही.

तुम्ही केलेला अर्ज कलम १२ चा आहे. त्यात संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, दरमहा खर्च, सगळं मागितलंय आणि ते नीट मागितलंय. पण ते सगळं शेवटी मिळायचं आहे, पुरावे होऊन, उलटतपासणी होऊन. खटला चालू असताना आज, या महिन्यात, काय मिळावं हे मागायचं कलम २३ खाली. त्यातल्या दुसऱ्या पोटकलमात दंडाधिकारी नुसत्या तुमच्या प्रतिज्ञापत्रावर, नवऱ्याचं म्हणणं येण्याची वाट न पाहता, एकतर्फी आदेश देऊ शकतात. त्या प्रतिज्ञापत्राचा नमुनाही २००६ च्या नियमांत दिलाय, नमुना ३. नवऱ्याने म्हणणं दाखल केलं नाही म्हणून तुमचं काम अडलं, असं तुम्हाला सांगण्यात आलंय. तो अर्ज असता तर काम तिथे अडलं नसतं.

कदाचित तुमच्या वकिलांनी तो वेगळा दाखल केला असेल आणि प्रत तुमच्याकडे नसेल. मी त्यांची फाइल पाहिलेली नाही, म्हणून त्यांना दोष देत नाही. पण उद्याच रोजनामा बघा. केसचा सीएनआर नंबर, म्हणजे न्यायालयाने प्रत्येक केसला दिलेला ओळख क्रमांक, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकलात तर प्रत्येक तारखेला काय झालं ते दिसेल. पाचही तारखांना ‘म्हणण्यासाठी मुदत’ एवढंच लिहिलेलं असेल, तर माझा अंदाज खरा समजा.

न्यायालयांबद्दलही बोलायला हवं. कायदा म्हणतो, पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा. ‘प्रयत्न’ या शब्दाचा आधार घेऊन बायकांना वर्ष-दीड वर्ष तारखा देतात, आणि इतकी वर्षं वकिली करूनही मला त्याची सवय झालेली नाही. आजही चीड येते. म्हणून अंतरिम अर्जावर तोंडी ‘बघू’ ऐकून परत येऊ नका. लेखी आदेश मागा, तो नकाराचा असला तरी. नकार लेखी असेल तर कलम २९ खाली तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. नुसत्या पुढच्या तारखेवर अपील कशाचं करणार?

आता प्रतिज्ञापत्रात काय घालायचं, आणि इथेच मला तुमच्याशी थोडं रागावून बोलायचंय. दोन वर्षांपूर्वी डोक्याला चार टाके पडले तेव्हा केस पेपरवर ‘बाथरूममध्ये घसरून पडली’ असं लिहिलंय. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. नवरा खाटेजवळ उभा असताना कुठली बाई खरं सांगेल? पण पुढे तुम्हीच लिहिता, की तो बाहेर गेल्यावर नर्स तुम्हाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे हिंसा सोसलेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, घेऊन गेली, तिथल्या बाईंनी तासभर ऐकून घेतलं आणि लिहूनही घेतलं. त्यांना तुम्ही सगळं खरं सांगितलंत. मग ही गोष्ट वकिलांना का सांगितली नाही? तुमचं उत्तर पत्रातच आहे : ‘तक्रार केली नव्हती, म्हणून त्याचा उपयोग नाही असं वाटलं.’

तक्रार वेगळी आणि नोंद वेगळी. तुम्ही तेव्हा पोलिसांत गेला नाहीत, तो तुमचा निर्णय होता आणि तो घेण्याचा तुम्हाला अधिकार होता. पण मार बसला त्याच दिवशी, कुठलाही खटला डोक्यात नसताना, एका त्रयस्थ बाईने तुमच्या तोंडून ऐकून लिहिलेला कागद आज तिथे आहे. नवऱ्याचे वकील म्हणणार, हे सगळं घरासाठी आत्ता रचलंय. त्यांना याहून चांगलं उत्तर तुमच्याकडे दुसरं नाही. सेंटरमध्ये जा, तारीख सांगा, नोंदीची प्रत मागा. द्यायला खळखळ केली तर न्यायालयामार्फत मागवता येते. मुलीच्या शाळेतल्या बाईंना काही सांगितलं असेल, कुठल्या संस्थेत एकदा जाऊन आला असाल, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला असेल, तर त्याही तारखा आठवून काढा.

दुसरा कागद कौटुंबिक घटना अहवाल, नमुना १. झालेल्या हिंसाचाराची ही अधिकृत नोंद. ती या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी लिहितात, किंवा कलम १० खाली नोंदणी असलेली संस्था लिहू शकते. तुमच्या अर्जासोबत तो नाही. नाही म्हणून अर्ज फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रभा त्यागी यांच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. पण अहवाल आला तर तो विचारात घेणं दंडाधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे, आणि तुमच्यासारख्या प्रकरणात तो असावाच. गोव्यात हे काम बरीच वर्षं गटविकास अधिकाऱ्यांच्या गळ्यात होतं. ज्या टेबलावर रस्त्याची बिलं आणि पंचायतीच्या तक्रारी, त्याच टेबलावर मार खाऊन आलेली बाई. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना महिला व बालविकास खात्यातले अधिकारी तालुका पातळीपर्यंत या कामावर नेमायला सांगितलं. तेव्हा तुमच्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी आज कोण, हे पणजीच्या महिला व बालविकास संचालनालयात विचारून घ्या. एकट्याने जायला धीर होत नसेल तर सोबत न्या. बायलांचो साद, बायलांचो एकवट या संघटना गोव्यात याच कामातून उभ्या राहिल्या आहेत. कुठल्याही संस्थेत गेलात तर कलम १० ची नोंदणी आहे का एवढं विचारा. असेल तर अहवाल तिथेच होईल, नसेल तर त्या तुम्हाला अधिकाऱ्यांपर्यंत पोचवतील.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहून खोडली आहे. खोडलेली असली तरी वाचता येते : ‘रात्रीचंही आहे, ते लिहवत नाही.’

ताई, ते लिहायला हवं. प्रौढ पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपला फौजदारी कायदा आजही बलात्कार मानत नाही. भारतीय न्याय संहितेतही तो अपवाद तसाच ठेवलाय. पण कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ मध्ये लैंगिक छळ हिंसाचार म्हणूनच धरलाय. विवाहित बाईला ज्या थोड्या ठिकाणी हे कायद्याच्या भाषेत सांगता येतं, त्यातलं हे एक. तुमच्या अर्जात त्याबद्दल एक शब्द नाही, आणि अकरा महिन्यांनी उलटतपासणीत पहिल्यांदा आलं तर ‘आधी का नाही सांगितलं’ हा प्रश्न येणारच. वकिलांसमोर, त्यातून पुरुष वकिलांसमोर, बोलवत नसेल तर त्यांच्यासमोर बोलू नका. सेंटरमधल्या त्याच समुपदेशक बाईंकडे बसा. एका बैठकीत होणार नाही, तीन लागतील. त्यांच्यासोबत साध्या शब्दांत चार-पाच वाक्यं तयार करा, तीच प्रतिज्ञापत्रात जातील. वर्णन लागत नाही. केव्हापासून, साधारण किती वेळा, नाही म्हटल्यावर काय झालं, एवढं पुरे. आणि कलम १६ खाली सुनावणी बंद दाराआड व्हावी अशी विनंती त्याच दिवशी द्या. गावातली माणसं कोर्टाच्या बाकावर बसून ऐकतील ही तुमची भीती खरी आहे, तिच्यावर कायद्यात हाच उपाय आहे.

घराचं थोडं गुंतागुंतीचं आहे. घर अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणी करण्याची गोव्यातली न्यायालयीन प्रक्रिया, झालेली नाही, असं तुम्ही लिहिता. तुमचं लग्न गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदलेलं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर इथल्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते, आणि स्थावर विकायला बायकोची सही लागते. वारसाच्या बायकोचीही लागते. म्हणून तर तो माणूस मुखत्यारपत्र घेऊन आला. तुमचा नेमका हिस्सा किती हे एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) आणि लग्नाची नोंद बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. पण राहण्याचा हक्क त्या हिशेबावर अवलंबून नाही. घर सासरच्यांच्या नावे असलं तरी ते कायद्याच्या भाषेत ‘सामायिक घर’, म्हणजे जिथे राहण्याचा तुम्हाला हक्क आहे असं घर, ठरू शकतं, हे २०२० च्या सतीश आहुजा निकालाने पक्कं केलंय.

अंतरिम अर्जात घर विकायला मनाई मागाल तेव्हा ती कलम १९ (निवासाचा आदेश) बरोबर कलम १८ (संरक्षण आदेश) खालीही मागा. दोन्हींत मालमत्ता विकण्यावर बंदी घालता येते. पण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, ही कलम ३१ ची शिक्षा संरक्षण आदेशाला जोडलेली आहे, आणि तो कलम १८ चा असतो. अंतरिम संरक्षण आदेशालाही ती लागू आहे, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. घरात परत जाण्याची भीती वाटत असेल तर दुसरीकडच्या जागेचं भाडं मागा. वहिनीशी खटके उडतात असं लिहिलंय, तेव्हा हे मागाच. अगदीच एका रात्रीत बाहेर पडावं लागलं तर वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पुढे निवारागृहाची सोय तेच बघतात.

पोलिस आउटपोस्टवर ‘स्वखुशीने माहेरी जात आहे, घरावर हक्क सांगणार नाही’ या स्टॅम्प पेपरवर तुम्ही सही केलीत. न वाचता केलीत, हेही तुम्हीच लिहिता. अशा कागदाने स्थावरावरचा हक्क सुटत नाही. पण तो नवऱ्याच्या म्हणण्यासोबत येणारच, म्हणून तो तुमच्या प्रतिज्ञापत्रात आधी येऊ दे : कोणत्या दिवशी, खोलीत कोण कोण होतं, कागद कोणी आणला.

पैशांबाबत एक दिलासा. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे हे अकरा महिने वाया गेलेले नाहीत. त्याच निकालाने दोघांनाही मिळकत आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलंय. तुमचं आहे का बघा. ते नसेल तर पुढची तारीख तुमच्यामुळे पडेल.

तुमचे तीन प्रश्न आता थोडक्यात. क्रूरतेचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली नोंदवता येईल. मुदत साधारण तीन वर्षांची, तेव्हा या आठवड्यात धावण्याची गरज नाही, पण विसरूही नका. घटस्फोट दिवाणी न्यायालयाचा विषय, त्यावर कागद बघितल्याशिवाय मत देत नाही. समेटाचं म्हणाल, तर दंडाधिकारी कलम १४ खाली समुपदेशनाला पाठवू शकतात. तिथे नवऱ्याला ‘ती अशी वागली म्हणून मारलं’ असं समर्थन करता येत नाही, हे नियमातच आहे. सरपंचांच्या बैठकीत तेच पहिलं वाक्य असतं. समेट करायचाच तर न्यायालयाच्या समुपदेशनात करा, आणि अंतरिम आदेश हातात आल्यावर.

वकिलांना हा अर्ज करायला पुन्हा फी द्यावी लागेल आणि ती नाही, हीच अडचण असेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

मुखत्यारपत्रावर सही करू नका, ‘फक्त इन्व्हेंटरीपुरतं आहे’ असं कोणी सांगितलं तरी. तो माणूस पुन्हा आला तर भावाला कागदाच्या सगळ्या पानांचे फोटो काढायला सांगा, आणि तो कोणत्या दिवशी, किती वाजता आला ते लिहून ठेवा. नमुना ३ मध्ये ती तारीखही जाईल.