बालकलाकार म्हणून गाजलेल्या सचिन पिळगावकरांचं पुढे काय झालं?

बालकलाकार मोठे झाले की बहुतेकांना काम मिळत नाही, सचिन त्याला अपवाद. मुंबईतला हा मुलगा राजा परांजपे यांच्या 'हा माझा मार्ग एकला'मध्ये चमकला. 1975 साली 'गीत गाता चल'चा नायक आणि त्याच वर्षी 'शोले'तला अहमद. पण माझ्या मते खरी हुशारी पुढे दिसली: हिंदीतल्या नायकपदावर विसंबून न राहता ते मराठीत दिग्दर्शक झाले. 1988 चा 'अशी ही बनवाबनवी' त्यांचाच (त्यातल्या लक्ष्मीकांत बेर्डेंच्या पार्वतीबाईंना कोण विसरेल!). मग टीव्हीवर 'तू तू मैं मैं'चं दिग्दर्शन, आणि 2005 मध्ये पत्नी सुप्रियांसोबत 'नच बलिये' या नृत्यस्पर्धेचं विजेतेपद. 'कट्यार काळजात घुसली' चित्रपटातले खाँसाहेब मात्र आवर्जून बघा, ती भूमिका त्यांच्याकडून अनेकांना अपेक्षितच नव्हती.