नातीला भेटायला विहीणबाईंच्या घरी जाताना

ताई, तुमचा प्रश्न सावकाश वाचला. सून पहिल्या बाळंतपणासाठी परभणीला माहेरी गेली, सिझर होऊन नात झाली, बाळ आज सहा दिवसांचे आहे. उदगीरहून आत्ताच निघावे की मुलगा म्हणतो त्याप्रमाणे बारशालाच जावे, सोबत काय न्यावे आणि किती दिवस राहावे, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय विहीणबाई धुरी देत नाहीत, घुटी उगाळत नाहीत आणि मे महिन्याच्या उन्हातही बाळाला चमचाभर पाणी पाजत नाहीत, याची तुम्हाला काळजी लागली आहे. मी बरीच वर्षे खेड्यापाड्यांत आरोग्य सेविका म्हणून काम केले आहे आणि आता स्वतः आजीही आहे. त्या दोन्ही अनुभवांवरून लिहिते.

बारशाची वाट न पाहता आधी एकदा भेटून यावे, मात्र सुनेला विचारून, असे माझे स्पष्ट मत आहे. बारशाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले असते, बाळ या हातातून त्या हातात फिरत असते आणि पोटावर टाके असलेली बाळंतीण नवी साडी नेसून तासन्‌तास बसलेली असते. अशा गर्दीत तिच्याशी चार शब्द निवांत बोलणे होत नाही. सोयर तुमच्या घरालाही आहेच, त्यामुळे भेटायला त्याची आडकाठी नाही. मुलाकरवी निरोप पाठवू नका. सुनेला स्वतः फोन करून ‘मी कधी आले तर तुला बरे पडेल?’ असे विचारा आणि ती सांगेल तो दिवस धरा. सर्दी, खोकला, ताप किंवा जुलाब यांपैकी काहीही असेल तर तिकीट काढलेले असले तरी जाऊ नका, कारण तुमचा साधा खोकला सहा दिवसांच्या जिवाला झेपणारा नसतो.

तिथे पोहोचल्यावर हातपाय साबणाने स्वच्छ धुऊन, प्रवासातली साडी बदलून आधी सुनेजवळ बसा. तिला झोप मिळते का, टाके ठणकतात का, जेवण जाते का, हे विचारून मग नातीकडे वळा. सिझर झालेल्या बाईला पाठीवरून थेट उठून बसता येत नाही. तिला आधी कुशीवर वळू द्यावे लागते, पाय खाटेखाली सोडू द्यावे लागतात आणि खांद्यामागे हात देऊन सावकाश बसते करावे लागते. हा हात तुमचा असला, तर माहेरी राहिलेल्या सुनेला सासरचा आधार कसा असतो ते वेगळे सांगावे लागणार नाही.

मुलगी झाली म्हणून नातेवाइकांचे सूर थोडे उतरले आहेत, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. या बाबतीत घरातल्या आजीचे पहिले वाक्य फार वजनाचे असते, आणि ते तुम्हीच, सर्वांना ऐकू जाईल असे बोलावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. ती वेळ ज्या घरांनी आणली, त्यांत सासवांचे शब्दही होते. उदगीरहून निघताना पेढे घ्या आणि परभणीच्या त्या गल्लीत ते स्वतःच्या हाताने वाटा.

‘बाळ किती बारीक आहे’ हे वाक्य मात्र तोंडातून निघू देऊ नका. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन दहा टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि साधारण दोन आठवड्यांत ते जन्मवेळेइतके भरून येते. सिझरनंतर दूध उतरायला थोडा उशीर होऊ शकतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आजूबाजूच्या बायकांनी ‘दूध पुरत नाही’ असे म्हटले की आईचा धीर सुटतो आणि घरात बाटली येते.

आता विहीणबाईंच्या पद्धतींविषयी. तिन्ही बाबतींत त्यांचे बरोबर आहे. निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशोपा टाकून बंद खोलीत दिलेली धुरी बाळाच्या कोवळ्या श्वासनलिकेला त्रास देते. सहाणेवर उगाळलेल्या घुटीतून जंतू पोटात जातात, आणि तिच्यात मध असेल तर धोका आणखी वाढतो, कारण एक वर्षाच्या आतील बाळाला मधातून जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. पाण्याचे म्हणाल तर आईच्या दुधातच बाळाला पुरेसे पाणी असते, म्हणून सहा महिने वरचे पाणी द्यायचे नाही. उन्हाळ्यात बाळाला अधिक वेळा पाजावे. पाणी हवे असते ते आईला. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे हा आपल्याकडचा जुना समज मी अनेक घरांत पाहिला आहे आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. तिच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवणे आणि प्रत्येक वेळी पाजायला बसताना तिच्या हातात पेला देणे, हे काम तुम्ही आपणहून अंगावर घ्या.

परभणीत मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. अशा दिवसांत लोकरीचे टोपडे, मोजे आणि दुपट्याच्या घड्या बाळाचा ताप वाढवतात. एक पातळ सुती झबले पुरते. म्हणून बाळंतविड्यात जरीची कुंची एकच ठेवा आणि जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे लंगोट व दुपटी जास्त न्या. नवे कपडे घरीच धुऊन, उन्हात वाळवून न्यावेत. चांदीचे वाळे हौसेने द्या, पण मनगटातले काळे मणी सैल दोऱ्यात ओवलेले नसावेत आणि काजळाची डबी घरीच राहू द्यावी. सुनेसाठी डिंकाचे लाडू आणि अळीव नेताना विहीणबाईंना आधी विचारा. त्यांनीही ते केले असतील तर त्याऐवजी ज्वारीचे पीठ आणि तुमच्या घरचा येसूर न्या.

बाळाला न्हाऊ घालण्याची तुमची इच्छा मी समजू शकते. पाटावर बसून, पाय लांब करून, नडगीवर बाळ पालथे घेण्याचे आपल्या पिढीचे कसब खरेच मोलाचे आहे. तरीही नाळ गळून बेंबी कोरडी होईपर्यंत ओल्या फडक्याने अंग पुसणेच योग्य, आणि पुढेही नाका-कानात तेल सोडणे किंवा डोके दाबून गोल करणे टाळावे. बेंबीला हळद, राख, तेल यांतले काहीही लावू नये.

तुमची अनुभवी नजर खरी उपयोगी पडते ती वेगळ्याच ठिकाणी. बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडले असेल, अंग तापलेले किंवा गार लागत असेल, शांत असतानाही श्वास मिनिटाला साठपेक्षा जास्त होत असेल किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर घरगुती उपाय न करता त्याच वेळी दवाखाना गाठायला सांगा. सरकारी रुग्णालयासाठी १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका बाळंतीण आणि तान्ह्या बाळाला मोफत मिळते. आशाताईंच्या गृहभेटी बाळ ४२ दिवसांचे होईपर्यंत असतात. त्या आल्या तर बाळाचे वजन विचारून घ्या.

प्रवासाचे थोडक्यात सांगते. लातूर रोड, परळी, गंगाखेड असा रेल्वेमार्ग आहे, एस.टी.ने गेलात तर महिलांना निम्मे तिकीट आहे. दुपारचे ऊन टाळा. मुक्काम दोन रात्रींपेक्षा लांबवू नका, कारण व्याह्यांच्या घरी पाहुणचाराचा भार शेवटी विहीणबाईंवरच पडतो आणि त्या आधीच रात्री जागत आहेत. परतीचा दिवस जाण्यापूर्वीच त्यांना सांगून ठेवा. निघण्याआधी बारशाला तुमच्याकडून किती माणसे येणार तो आकडाही द्या, म्हणजे त्यांना स्वयंपाकाचा अंदाज येईल आणि जागेची सोय करता येईल.