शाळेच्या मुलांना आकाशदर्शनासाठी पुण्याबाहेर कुठे न्यावं आणि दुर्बीण कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पाचवी ते सातवीची सव्वाशे मुलं आहेत, अमावास्येजवळचा शनिवार धरून पानशेत किंवा भोरकडे एखादं शेत बघायचंय, आणि शाळा या निमित्ताने एक दुर्बीणही घेणार आहे.

बाहेर नेऊ नका. शाळेच्या गच्चीवर करा, शुद्ध सप्तमी-अष्टमीला करा, आणि एका संध्याकाळी चाळीसच मुलं बोलवा. दुर्बीण आत्ता घेऊच नका.

एवढं तोडून लिहितोय, कारण तुमचा बेत वाचताना मला आमचाच जुना बेत समोर दिसला. आकडा तोच, शनिवार तोच, रस्ताही तोच.

२०१७चा डिसेंबर. अमावास्या सोमवारी होती, म्हणून आधीचा शनिवार. आम्ही कॉलनीतले आठ-दहा हौशी लोक, आणि एका शाळेची १२० मुलं. तीन बस करून पानशेतच्या पुढे एका ओळखीच्या शेतावर गेलो. दोन दुर्बिणी होत्या. सहा इंची (म्हणजे आरशाचा व्यास) माझी, तिचा आरसा मी स्वतः घासलेला. दुसरी गटाची आठ इंची. त्या महिन्यात गुरू-शनी संध्याकाळी नव्हतेच, चंद्र तर मुद्दामच टाळलेला. मग दाखवायचं काय? देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, आणि मृग वर आल्यावर त्यातला तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग. आमच्या गटातल्या ज्येष्ठ काकांनी हे ठरवलं होतं. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचा उजेड मुलांच्या डोळ्यांत जाणार, याचं मलाही तेव्हा भरून आलं होतं.

दुपारी शाळेत काकांनी पडद्यावर दीर्घिकांचे फोटो दाखवले. निळे, जांभळे, मधोमध पिवळसर पांढरे. रात्री आठला दोन रांगा लागल्या, प्रत्येकी साठ मुलांच्या. मी आठ इंचीवर होतो. थोड्या वेळाने निरोप आला की एका मुलाला बस लागली होती, तो अजून उलट्या करतोय, पाणी आणि गोळी घेऊन या. रांग एका कॉलेजच्या मुलाकडे देऊन मी गेलो. परत यायला दहा-बारा मिनिटं लागली असतील. आल्यावर सवयीने आयपीसला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावला.

आत काही नव्हतं. काळं आकाश आणि तीन-चार फुटकळ तारे.

यात नवल काहीच नाही. पंचवीस मिलीमीटरचा आयपीस लावला की त्या दुर्बिणीतून ४८ पट मोठं दिसतं आणि जेमतेम एक अंश आकाश मावतं, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन पूर्णचंद्र. पृथ्वी फिरत राहते. देवयानीचा धुरकट ठिपका मधोमध आणून ठेवला तरी अडीच-तीन मिनिटांत कडेला जातो. पंधरा सेकंदाला एक मूल धरलं तर दहा मुलं. त्यात लहान मूल स्टुलावर चढताना तोल सावरायला नळीच धरतं, म्हणजे दहासुद्धा नाहीत. त्या कॉलेजच्या मुलाला हे सांगून जायला हवं होतं. मी सांगितलं नव्हतं.

पण मला हललेल्या दुर्बिणीचं वाईट वाटलं नाही. त्या दहा-बारा मिनिटांत वीस-पंचवीस मुलं तिथे डोळा लावून गेली होती आणि प्रत्येकाने "दिसलं" म्हटलं होतं. मी एकाला थांबवून विचारलं, कशी दिसली रे? म्हणाला, "जांभळी होती सर, मध्ये पांढरी." तो दुपारचा फोटो सांगत होता. आणि तो खोटं बोलत नव्हता, हे नीट लक्षात घ्या. आठ इंची दुर्बिणीतून दीर्घिका करडीच दिसते, कारण इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मोठी माणसं इतकं करून इथे घेऊन आलीत, म्हणजे दिसलंच असणार, असं त्याने धरलं होतं.

त्याच्यामागे सहावीतली एक मुलगी होती. ती हळूच म्हणाली, "मला नाही दिसलं सर. पण मागचे ढकलत होते, म्हणून हो म्हटलं." मी म्हटलं थांब, परत लावतो. शोधायला मला दोन मिनिटं लागली. वळून बघतो तर तिच्या वर्गाला जेवायला बोलावलं होतं. नंतर त्या अंधारात शंभर डोक्यांत ती मला सापडली नाही.

त्या रात्री मुलांनी खरंच पाहिलं असं एकच होतं. मिथुनेतल्या उल्कावर्षावाचा जोर दोन दिवसांपूर्वी होऊन गेला होता, त्यातली एक मागे राहिलेली उल्का चांगली लांब रेघ ओढत गेली. सतरंजीवर लोळणारी पोरं एकदम ओरडली. रांगेतल्यांना ती दिसली नाही, कारण रांगेत पुढच्याची टोपी दिसते.

पुढच्या रविवारी बैठकीत काकांनी अहवाल वाचला. "१२० विद्यार्थ्यांना देवयानी दीर्घिका दाखवली." मी म्हटलं, हे वाक्य काढा. ते म्हणाले, मुलांना आनंद झाला ना, मग तू आकड्यावर कशाला अडतोस? मी म्हटलं, पुढच्या वेळी चाळीस मुलं, शाळेच्या गच्चीवर, चंद्र असताना. त्यावर ते जे बोलले ते मला अजून टोचतं : "चंद्र काय दाखवायचा, तो रोजच दिसतो. अंधार नसेल तर त्याला आकाशदर्शन म्हणू नये." वाक्य निघालं नाही. शाळांच्या कार्यक्रमातून मीच निघालो.

याचं उत्तर द्यायला मला पाच वर्षं लागली. ३० नोव्हेंबर २०२२, चंपाषष्ठीचा दुसरा दिवस. हडपसरकडच्या एका मराठी शाळेची गच्ची, अडतीस मुलं, माझी एकटी सहा इंची. समोरच्या सोसायटीचा हॅलोजन थेट तोंडावर येत होता, वॉचमनदादांना आदल्या दिवशीच जाऊन भेटलो होतो, त्यांनी दोन तास बंद ठेवला. आकाश मात्र पुण्याचंच होतं, पावडर लावल्यासारखं. त्यात नैर्ऋत्येला शनी, वर गुरू, जवळ अर्धा चंद्र, आणि आठच्या सुमारास पूर्वेला रोहिणीच्या खाली मंगळ.

रांग लावलीच नाही. पाच-पाच जणांना बोलावलं, बाकीचे गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बाईंबरोबर हाताच्या मुठीने आकाश मोजत होते. हात लांब केला की एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. पुणे साडेअठरा अक्षांशावर, म्हणून ध्रुव उत्तरेच्या क्षितिजापासून दोन मुठींना थोडा कमी. तो तिथेच सापडतो. ध्रुव सगळ्यांत तेजस्वी तारा असणार अशी मुलांची खात्री असते. इतका साधा निघाला म्हणून दोघं-तिघं हिरमुसली, आणि मला ते आवडलं. बघितल्यावरच हिरमुसता येतं.

प्रत्येकाकडे कोरा कागद आणि पेन्सिल. नियम एक : बघून झालं की बोलायचं नाही, काढायचं. एका मुलाने चंद्राचा उजेडाचा अर्धा भाग डावीकडे काढला. मित्र म्हणाला, "चुकलास, वर बघ, उजवीकडे आहे." तो वर बघतो, कागदाकडे बघतो, परत आयपीसला डोळा लावतो. मी गप्प राहिलो. मग त्याने कागद उलटा फिरवून वर धरला आणि तो जुळला! खड्ड्यांची रांगसुद्धा जागेवर आली. "सर, हे उलटं दाखवतंय." कुणाच्या तरी डब्यातला स्टीलचा चमचा मागवला आणि आतल्या बाजूने त्यांना स्वतःचं तोंड बघायला लावलं. आरसा खोलगट घासलेला असतो म्हणजे काय, हे पुढच्या पाच मिनिटांत त्यांनीच एकमेकांना सांगितलं. शनीचे अडतीस कागद माझ्याकडे अजून आहेत. सदतीस जणांनी कडी तिरकी काढलीय. एकाने कडी काढलीच नाही, त्याला परत बोलावलं, आयपीस फिरवून त्याच्या डोळ्याला जुळवला, तेव्हा त्याने काढली.

चंद्राबद्दल काकांना जे कळलं नाही ते एवढंच : पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत सपाट दिसतो, कारण ऊन समोरून पडतं आणि सावल्या नसतात. सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर ऊन तिरकं येतं, विवरांच्या कडा उठून दिसतात. रोज दिसणारा चंद्र मुलांनी असा पाहिलेला नसतो. आणि तो नळीतून निसटला की कोणालाही कळतं. "दिसलं" म्हणून वेळ मारून नेता येत नाही.

अंधाराशिवाय आकाशदर्शन नाही म्हणणाऱ्यांनी जॉन डॉब्सन आठवावा. रामकृष्ण संघाच्या कॅलिफोर्नियातल्या मठात तो संन्यासी होता, मिळेल ती काच घासून आरसे करायचा, आणि १९६७ साली मठ सुटल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या फूटपाथवर दिव्यांखाली दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र-शनी दाखवत राहिला. आज आपण सगळे ज्या सोप्या बैठकीच्या दुर्बिणीला डॉब्सोनियन म्हणतो ती त्याची. हा माणूस अंधार शोधत बसला असता तर माझ्यासारख्याच्या हातात दुर्बीण आलीच नसती.

आता तुमचा दुर्बिणीचा प्रश्न. घ्यायचीच झाली तर सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियन. खोक्यावर "६७५ पट" छापलेली, डगमगत्या तिपाईवरची साठ मिलीमीटरची घेऊ नका. तेवढ्या भिंगातून १२० पटीच्या पुढे नुसता गढूळपणा वाढतो. पण दुर्बिणीआधी माणूस शोधा. चालवणारा नसेल तर ती दोन वर्षांत प्रयोगशाळेच्या कपाटावर जाते, मी अशा तीन बघितल्यात. टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हेच काम करतेय, विद्यापीठाच्या आवारात आयुकाची (खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राची) मुक्तांगण विज्ञान शोधिका तर शाळकरी मुलांसाठीच आहे. तिथे विचारा. (मी वर लिहिलेला गट यांपैकी कोणताही नाही, आमचा तो कॉलनीपुरता होता.)

आदल्या दिवशी रंगीत फोटो अजिबात दाखवू नका. दाखवायचे तर नंतर, आणि कॅमेऱ्याने तासन्तास उजेड साठवून काढलेत हे सांगून. लहानांना एक डोळा मिटता येत नाही, त्यांना दुसऱ्या डोळ्यावर धरायला पुठ्ठ्याचा तुकडा द्या. थंडीत त्यांच्या श्वासाने आयपीस धुरकटतो, दर पाच मुलांनंतर बघत जा. तारे दाखवायचा हिरवा लेझर मुलांच्या हातात नको, आणि लोहगावकडे जाणाऱ्या विमानाच्या दिशेने तर तुमच्याही हातून नको. शनीवर फार भरवसा ठेवू नका, २०२५च्या मार्चमध्ये त्याची कडी आपल्याकडे कडेने वळली होती, ती पुरती उघडायला काही वर्षं जातील.

एक मात्र मान्य करतो. मला मृगातला बाण आणि व्याध पहिल्यांदा काकांनीच दाखवला होता, त्यांच्याच गच्चीवर. आणि आठवी-नववीची, दोन-तीनदा गच्चीवर येऊन गेलेली, स्वतःहून "अजून काय आहे" विचारणारी दहा-बारा मुलं असतील तर त्यांना जरूर पानशेतच्या पुढे न्या. आकाशगंगा पुण्यातून दिसत नाही, ती तिथेच दिसेल. तेवढ्यांसाठी काकांचं म्हणणं बरोबर आहे. पाचवी ते सातवीच्या सव्वाशे मुलांसाठी नाही, आणि ते अहवालातलं वाक्य तर तेव्हाही चुकीचंच होतं.

सव्वाशेच्या तीन संध्याकाळी करा : षष्ठी, सप्तमी, अष्टमी. माझी सहा इंची घेऊन तिन्ही दिवस येईन, त्याचे पैसे नकोत. शाळेने एक न डगमगणारं स्टूल द्यावं, कागद-पेन्सिली द्याव्यात, आणि समोरच्या इमारतीच्या वॉचमनला आधी भेटून ठेवावं.