टॅब हातात दिला तर तो कधीच बोलणार नाही का?

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही. सगळं समजतं, पण तोंडातून 'मम' आणि 'आ' एवढंच निघतं. डॉक्टरांनी चित्र दाबलं की तो शब्द बोलून दाखवणारं अ‍ॅप वापरायला सांगितलं आहे. सासूबाई आणि हे मात्र म्हणतात, टॅबची सवय लागली की तो तोंड उघडायचा प्रयत्नच सोडून देईल. मी काय करू?
– एक आई, इस्लामपूर

उत्तर : ताई, टॅब द्या. तो येईपर्यंत कागदावर चित्रं चिकटवून आजच सुरुवात करा.

घरच्यांना वाटणारी भीती मला चांगली ठाऊक आहे, कारण वीस वर्षांपूर्वी मीही पालकांना तेच सांगायचे. आधी जिभेचे, ओठांचे व्यायाम करू, नाहीच जमलं तर चित्रांकडे वळू. एका मुलीची तीन वर्षं माझ्या या सल्ल्यात गेली. ती जेवताना ताट ढकलायची आणि घरच्यांना वाटायचं, हट्टी आहे. आठव्या वर्षी शेवटी चित्रांची पाटी तिच्या पुढ्यात आली. दुसऱ्याच आठवड्यात तिनं 'पोट' आणि 'दुखतं' या दोन चित्रांवर बोट ठेवलं. तिची आई माझ्यासमोर रडली, ते मी विसरलेले नाही.

या भीतीचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या डायान मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लॉसर यांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासून 2006 मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्याबद्दलचा पुरावा भक्कम होता अशा 27 जणांपैकी चित्रं, खुणा किंवा यंत्रामुळे बोलणं कमी झालेलं एकही माणूस नव्हतं. 89 टक्के जणांचं बोलणं वाढलं, उरलेल्यांचं होतं तेवढंच राहिलं. वाढ बऱ्याच जणांत थोडीच होती, हेही सांगते, म्हणजे खोटी आशा नको. पण नुकसान कुणाचंच झालं नाही. हे सासूबाईंना वाचून दाखवा.

अ‍ॅपबद्दल. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात 'जेलो' नावाचं अ‍ॅप तयार झालं आहे. ते मोफत आहे आणि मराठीतही चालतं. त्यात 'आवडतं, हो, अजून हवं' आणि 'आवडत नाही, नाही, कमी हवं' अशी सहा बटणं कायम समोर असतात. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण मुलांना सफरचंद, चेंडू, मोटार अशी नामंच देत बसतो. पाच वर्षांच्या मुलाला सगळ्यात जास्त काय म्हणायचं असतं? 'नको.' 'अजून.' 'थांब.' 'मी करतो.' हे शब्द पहिल्या पानावर हवेत. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी 'आवाज' हे असंच चित्रांवरून बोलायचं साधन केलं, तेही तिथल्या 'विद्यासागर' या संस्थेतल्या मुलांबरोबर काम करत करत. एकट्या इंजिनिअरनं खोलीत बसून केलेलं यंत्र मुलं चार दिवसांत बाजूला टाकतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

तुमच्याकडेही अशी चार माणसं लागतील. टॅब घेण्याआधी ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे बसणं आणि हातांचा वापर यांवर काम करणाऱ्या तज्ज्ञाला भेटा. मूल खुर्चीत घसरत असेल, पाय लोंबकळत असतील, तर त्याची सगळी ताकद बसण्यातच जाते आणि बोट भलत्याच चित्रावर पडतं. अशा वेळी पडद्यावर भोकं पाडलेली अ‍ॅक्रिलिकची जाळी बसवतात. हात तिच्यावर टेकवून नेमक्या भोकात बोट घालता येतं. टॅबच्या मापाची जाळी गावातला नेमप्लेट करणारा कारागीरही कापून देईल.

भाषेचा गुंता मात्र अजून सुटायचा आहे, आणि यावर मराठीच्या अभ्यासकांनी आमच्याबरोबर बसावं ही माझी जुनी तळमळ आहे. इंग्रजीत तीन चित्रं ओळीनं दाबली की वाक्य होतं. मराठीत 'मी' आणि 'पाणी' आणि 'हवं' दाबलं तर 'मी पाणी हवं' होतं, कारण चित्राला 'मला' करता येत नाही. माझ्याकडची एक नऊ वर्षांची मुलगी महिनाभर टॅबमधून 'मी येतो' म्हणत होती. वर्गातली मुलं हसली, तशी तिनं टॅब दप्तरातून काढणंच बंद केलं. आम्ही 'मी येते' असं स्वतंत्र बटण तिच्या ताईच्या आवाजात भरलं, तेव्हा ती परत वापरायला लागली. तुमच्या मुलाच्या टॅबवर 'मला' हे वेगळं बटण आहे ना, ते आधी बघा. भाकरी, वरणभात, तुमचं अंगण, यांचे फोटो स्वतः काढून घाला.

आणखी एक काम, आणि ते सगळ्यात अवघड. त्याच्याशी बोलताना तुम्हीही चित्रावर बोट ठेवायचं. 'आपण बाहेर जाऊ' म्हणताना 'बाहेर' दाबायचं. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर बोलतो, मग ते पहिला शब्द काढतं. चित्रांची भाषाही कुणी वापरताना बघितल्याशिवाय येत नाही. सासूबाईंचा फोटो लावून 'आजी, गोष्ट सांग' असं एक बटण करा. नातवानं ते दाबलं की त्यांनी हातातलं काम सोडून गोष्ट सांगायची, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

प्रश्न : माझे थोरले बंधू निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार झाला आहे. बोलणं जड झालंय, पण ते काय म्हणतात हे आम्हाला अजून कळतं. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं यंत्र आम्हाला परवडणारं नाही. दुसरं काही आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे, पण पहिलं काम याच आठवड्यात करा. त्यांचा आवाज मोबाइलवर साठवून ठेवा. बॉस्टनच्या बालरुग्णालयातले जॉन कॉस्टेलो यांनी ही पद्धत रुजवली. सुटे शब्द नकोत, त्यांची स्वतःची वाक्यं हवीत. बायकोला मारायची हाक, नातवाचं लाडाचं नाव, वर्गात हमखास म्हणायचे ते वाक्य, रागावल्यावर निघणारा शब्द. पुढे ही वाक्यं बटणावर लावता येतात. याच आजाराचे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आवाज 1985 मध्ये गेला, त्यानंतर त्यांना यंत्राचा जो आवाज मिळाला त्यामागे एमआयटीतल्या डेनिस क्लॅट यांचं काम आणि क्लॅट यांचाच आवाज होता. नंतर अधिक चांगले आवाज निघाले तरी हॉकिंग यांनी तो सोडला नाही. आवाजात माणूस असतो, म्हणून एवढ्या घाईनं सांगते आहे.

पुढे हात आणि जीभ दोन्ही थकतील तेव्हा आपली वर्णमाला कामाला येईल. क, च, ट, त, प असे पाच वर्ग आणि प्रत्येकात पाच अक्षरं, असा तयार तक्ताच पूर्वजांनी देऊन ठेवला आहे. तुम्ही विचारायचं, 'क-वर्ग? च-वर्ग?' त्यांनी पापणी मिटली की थांबायचं, मग त्या वर्गातली अक्षरं म्हणायची. य ते ळ यांच्या आणखी दोन ओळी आणि स्वरांची एक. काना-मात्रा बहुतेक वेळा विचारावीच लागत नाही, 'प' आणि 'ण' आलं की तुम्हाला पाणी कळतं. शिक्षकाला हा तक्ता शिकवावाही लागणार नाही. सगळ्यात वरती तयार वाक्यं लिहा : 'दुखतंय', 'कफ काढा', 'कूस बदला', 'थांबा, माझं झालं नाही'. शेवटचं वाक्य गाळू नका, कारण आपण घाईनं त्यांचं वाक्य पुरं करून टाकतो.

मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणाच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणी करून घ्या. आणि रेकॉर्डिंग सकाळी करा, संध्याकाळपर्यंत जीभ दमते. खोलीतला पंखा बंद ठेवा, एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको.